तूरमालेच्या चढावर सगळे का उतरले?

२१ जुलै १९१०. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज पर्वतात, ल्युशोंपासून बायोनपर्यंत टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा ३२६ किलोमीटरचा टप्पा. वाटेत पेरसूर्द, आस्पँ, तूरमाले आणि ओबिस्क या खिंडी एकामागून एक. पहाटेच्या अंधारात शर्यत सुटली. तूरमालेची खिंड २,११५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसुबाईच्या माथ्याहूनही पावणेपाचशे मीटर उंच आहे. रस्ता कसला, गाडीवाट होती. त्या चढावर युरोपातले एकाहून एक दणकट सायकलपटू खाली उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. खिंडीत सगळ्यांच्या आधी पोचलेला ओक्ताव्ह लापीझसुद्धा काही अंतर चालतच आला होता. ग्युस्ताव्ह गारिगू तेवढा पाय न टेकता वरपर्यंत गेला. त्याबद्दल त्याला १०० फ्रँकचं वेगळं बक्षीस मिळालं.

पुढे ओबिस्कच्या चढावर लापीझ आयोजकांना बघून ओरडला, 'खुनी आहात तुम्ही!' टूर द फ्रान्सच्या इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य हेच असावं. माणसाच्या सहनशक्तीची कसोटी म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. कसोटी होतीच. पण हे सगळे सायकलपटू दमले होते म्हणून उतरले, हे काही खरं नाही. थोडं गणित मांडलं की दिसतं, त्यांची हृदयं आणि फुफ्फुसं तो चढ चढायला पुरेशी होती. आडवं आलं ते दुसरंच काही, आणि ते आयोजकांच्या नियमपुस्तकात लिहिलेलं होतं.

त्याआधी ही शर्यत जन्माला कशी आली ते बघू, कारण नियमांचं मूळ तिथेच आहे.

एकोणिसावं शतक संपताना फ्रान्समध्ये खेळांच्या बातम्या देणारं मोठं दैनिक एकच होतं, हिरव्या कागदावर छापलं जाणारं 'ल व्हेलो'. त्याच वेळी द्रेफ्यूस या देशद्रोहाचा खोटा ठपका बसलेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यावरून अख्खा देश दुभंगलेला. 'ल व्हेलो'चा संपादक पिएर जिफार द्रेफ्यूसच्या बाजूचा. त्याच्या पानांवर जाहिराती देणारे द दियोंसारखे मोटार कारखानदार विरुद्ध बाजूचे. वाद इतका पेटला की त्यांनी १९०० साली स्वतःचं वेगळं दैनिक काढलं, पिवळ्या कागदावर. त्याचं नाव पुढे 'लोतो' झालं. संपादक नेमला आंरी देग्रांज. हा स्वतः सायकलपटू. १८९३ साली पॅरिसच्या ब्युफालो ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून त्याने तासाचा विक्रम केला होता. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

नवं दैनिक खपेना. नोव्हेंबर १९०२ मध्ये जेवणाच्या टेबलावर जेओ लफेव्र या तरुण बातमीदाराने कल्पना मांडली: अख्ख्या फ्रान्सला फेरा घालणारी शर्यत भरवायची, टप्प्याटप्प्याने, कित्येक दिवस चालणारी. देग्रांजला धाकधूक होती. पण पैशांचा हिशेब बघणाऱ्या व्हिक्टोर गोदेने तिजोरी उघडली. पहिल्या जाहिरातीनंतर जेमतेम पंधरा जणांनी नावं दिली. मग प्रवेश शुल्क निम्म्यावर आणलं, शर्यत जुलैत ढकलली, भत्ता जाहीर केला, आणि १ जुलै १९०३ ला दुपारी सव्वातीनला पॅरिसजवळच्या मोंजरों गावात एका कॅफेसमोरून साठ जण निघाले.

सहा टप्पे, एकूण २,४२८ किलोमीटर. पहिलाच टप्पा पॅरिस ते लियों, ४६७ किलोमीटर. मध्ये मुक्काम नाही. दुपारी निघायचं, रात्रभर सायकल चालवायची आणि दुसऱ्या दिवशी पोचायचं. लहानपणी धुराडी साफ करणारा, इटलीच्या आओस्ता खोऱ्यात जन्मलेला, पाच फूट चार इंचांचा मॉरिस गारँ १७ तास ४५ मिनिटांत लियोंला पोचला. दुसरा आला त्याच्यानंतर जेमतेम मिनिटभराने. १९ जुलैला शर्यत संपली तेव्हा गारँ दुसऱ्या क्रमांकाच्या ल्युसियाँ पोतियेच्या जवळजवळ तीन तास पुढे होता. पहिल्या-दुसऱ्यातलं एवढं अंतर टूरमध्ये पुन्हा कधीच पडलं नाही. साठातले एकवीस जण शेवटपर्यंत टिकले. शेवटचा आला तो गारँच्या तब्बल ६४ तास मागून.

आता त्या पहिल्या रात्रीकडे शरीराच्या बाजूने बघू. गारँचा सरासरी वेग होता तासाला साधारण २६ किलोमीटर. सायकल अठरा-वीस किलोची, रस्ते खडीचे आणि धुळीचे. या वेगाला हवेचा अडथळा आणि रस्त्याचं घर्षण मिळून साधारण १५० वॅट शक्ती सतत लागते. हा माझा ढोबळ हिशेब आहे, दहा-वीस वॅट इकडेतिकडे होतील. १५० वॅट म्हणजे फार नाही. नियमित सायकल चालवणारा निरोगी माणूस तासभर तेवढी शक्ती सहज देऊ शकतो. गारँला ती पावणेअठरा तास द्यायची होती. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी सुमारे चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोचवतात, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे एका टप्प्याला नऊ ते दहा हजार किलोकॅलरी लागल्या. सामान्य माणसाचं चार दिवसांचं अन्न!

हे इंधन येतं कुठून? स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मिळून अर्धा किलोच्या आसपास असतं, म्हणजे सुमारे दोन हजार किलोकॅलरी. नुसतं त्यावर चालवलं तर चार तासांत खडखडाट. वाटेत खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांतून आतडं तासाला साधारण साठ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडू शकतं. त्याहून जास्त कोंबलं तर ते पोटातच पडून राहतं. पावणेअठरा तासांत त्यातून चारेक हजार किलोकॅलरी मिळतील. तरी तीन-साडेतीन हजारांची तूट राहतेच. ती भरून काढते चरबी. चारशे ग्रॅम चरबीत एवढी ऊर्जा मावते आणि ती सगळ्यात सडपातळ सायकलपटूच्या अंगावरही असते. अडचण एवढीच की चरबी सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर लगेच ग्लायकोजेनकडे वळतं आणि साठा संपला की पाय शिशाचे होतात. गारँच्या काळात ग्लायकोजेनचा हा हिशेब कोणी मांडला नव्हता, पण लांब पल्ल्याचे हे लोक अनुभवाने नेमक्या त्या वेगाला येऊन थांबले होते, जिथे चरबी जवळजवळ एक तृतीयांश ओझं उचलते. मला याचं फार कौतुक वाटतं.

त्यांचं खाणं मात्र पाहण्यासारखं. १८९३ च्या हिवाळ्यात पॅरिसला झालेल्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत गारँने काय काय संपवलं त्याची यादी सांगितली जाते: १९ लिटर गरम चॉकलेट, ७ लिटर चहा, ४५ कटलेट, ८ अंडी, दोन किलो तांदळाची खीर, पाच लिटर टॅपिओका, शिवाय कालवं आणि शॅम्पेन घातलेली कॉफी. टॅपिओका म्हणजे आपण साबुदाणा ज्या कंदापासून करतो त्याचंच पीठ. कटलेट सोडली तर ही यादी आजच्या आहारतज्ज्ञालाही तितकीशी वेडगळ वाटणार नाही. चॉकलेटमधली साखर, तांदूळ आणि साबुदाण्याचं पिष्ट, सगळं पातळ आणि गरम. थंडीने गारठून बाकीचे गळाले तेव्हा हा टिकला, त्यात या खिरीचा वाटा मोठा असणार.

उलट उदाहरण १९०३ च्याच शर्यतीतलं. इपोलित ओकुत्यूरिए हा जिंकण्याच्या शर्यतीतला मोठा गडी. पहिल्या टप्प्यात त्याच्या पोटात असे पेटके आले की त्याने सायकल सोडून दिली. कोणीतरी लिंबू सरबतातून काहीतरी पाजलं अशी कुजबुज झाली. तसं झालं असेलही. पण त्याशिवायही हे होऊ शकतं. जोराचे कष्ट सुरू झाले की शरीर पोटाकडचं रक्त काढून पायांकडे वळवतं. आतड्याचा पुरवठा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. त्यात वरून जड अन्न किंवा गार पेय पडलं की पेटके येणारच. त्या वर्षी एखादा टप्पा हुकलेल्याला पुढच्या टप्प्यात भाग घेता येत होता. ओकुत्यूरिए विश्रांती घेऊन परतला आणि दुसरा, तिसरा हे दोन्ही टप्पे जिंकला. माणूस तोच, पाय तेच. बिघडलं होतं ते पोट.

दैनिकाचा खप २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला असं सांगतात. 'ल व्हेलो' थोड्याच दिवसांत बंद पडलं. साहजिकच १९०४ ला पुन्हा तोच घाट घातला, आणि तो जवळजवळ कायमचा बुडाला. रात्री कोणाचं लक्ष नसायचं. कोणी मोटारीला लटकून गेला, कोणी चक्क रेल्वेत बसला. रस्त्यावर खिळे टाकले गेले. सांतेतिएन गावाजवळच्या 'कोल द ला रेपुब्लिक' खिंडीत स्थानिक सायकलपटू फोरेच्या समर्थकांनी अंधारात दबा धरून बाकीच्यांना झोडपलं, आयोजकांना हवेत गोळ्या झाडाव्या लागल्या. चार महिन्यांनी चौकशी संपली. पहिले चारही बाद ठरले. त्यात गारँ होता, पोतिये होता, गारँचा भाऊ होता आणि ओकुत्यूरिएही. पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आंरी कोर्ने विजेता झाला. आजही टूरचा सगळ्यात तरुण विजेता तोच.

देग्रांजने 'टूर संपली' असं लिहून टाकलं होतं. मग सावरला आणि नियम आवळायला बसला. रात्रीचा प्रवास कमी केला, टप्पे अकरा केले, आणि वेळेऐवजी क्रमांकांवर गुण द्यायला सुरुवात केली. हे गुण १९१२ पर्यंत चालले. या बदलाचा उद्देश चांगला होता. खिळ्यांमुळे कोणाचे दोन तास गेले तरी तो काही गुणांनीच मागे पडायचा. पण मोजमाप म्हणून ही पद्धत लंगडी. एका सेकंदाने हरलेला आणि दीड तासाने हरलेला, दोघांचा क्रमांक दुसराच. क्रम कळतो, अंतर हरवतं. डोंगरात जीव काढून मिळवलेला अर्धा तास कागदावर एका गुणाचा व्हायचा.

नियमांचा दुसरा भाग सायकलीबद्दल होता आणि त्यावर देग्रांजचा खरा जीव होता. सायकलपटूने आपली दुरुस्ती आपणच करायची, कोणाचीही मदत घ्यायची नाही. सुटे टायर खांद्यावरून आडवे गुंडाळून न्यायचे. आणि वाटेत बदलता येणारा गिअर, डेराल्योर, लावायचा नाही. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतो, खरा गडी स्नायूंच्या जोरावर जिंकतो, असं त्याचं मत. ट्रॅकवर तासाचा विक्रम करणाऱ्या माणसाचं हे मत आहे, हे लक्षात घ्या. ट्रॅक सपाट असतो. एकदा नेमका गिअर निवडला की दुसऱ्याची गरज पडत नाही. देग्रांजने ट्रॅकवरचा अनुभव पर्वतावर लादला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तूरमालेचं गणित. सेंत-मारी-द-कांपाँ गावापासून खिंडीपर्यंत १७ किलोमीटर, चढाई जवळजवळ १,२७० मीटर. म्हणजे दर शंभर मीटरला सरासरी साडेसात मीटर वर. सायकलपटू ७० किलोचा, सायकल १८ किलोची धरू. ८८ किलोच्या या ओझ्याला उतार मागे खेचतो साडेसहा किलोच्या जोराने. खडबडीत रस्त्याचं घर्षण एक किलोच्या आतबाहेर. एकूण साडेसात किलोच्या आसपास.

पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाईल असा एकच गिअर धरला, तर त्याच फेऱ्यात पाऊल फिरतं जेमतेम एक मीटर सात सेंटिमीटर, कारण क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, सतरा सेंटिमीटरचा असतो. अंतर साडेचार-पाच पटींनी वाढवून हवं असेल तर जोरही तितक्याच पटीने लावावा लागतो. तरफेचा हा नियम कुणालाच चुकत नाही. म्हणजे पायाने सरासरी पस्तीस किलोचा जोर. बरं, हा जोर फेराभर सारखा लागत नाही. पॅडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पाय दाबून काही होत नाही. त्याची भरपाई मधल्या भागात करावी लागते, तिथे जोर जवळपास दुप्पट होतो: सत्तर किलो. सायकलपटूचं वजनच तेवढं! सरासरी चढावर प्रत्येक पायंडलीला अख्खा देह पॅडलवर उभा करायचा, मिनिटाला पन्नासेक वेळा, दोन तासांहून अधिक वेळ. आणि जिथे चढ दहा टक्क्यांचा होतो तिथे आकडा नव्वद किलोवर जातो. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लावायचा तर हँडल दोन्ही हातांनी वर ओढत राहायला हवं. ते काही मिनिटं जमतं. मग माणूस उतरतो.

इथेच गंमत आहे. तासाला आठ किलोमीटर वेगाने हा चढ चढायला एकूण शक्ती किती लागते? साधारण १६० वॅट. गारँ रात्रभर सपाटीवर देत होता जवळजवळ तेवढीच. हृदयाला, फुफ्फुसाला, रक्ताला दोन्ही कामं सारखीच. फरक आहे तो पायांच्या वेगात. सपाटीवर पॅडल मिनिटाला ऐंशीच्या पुढे फिरत होतं, चढावर सत्तावीस. कमी वेगात प्रचंड जोर लावायचा तर स्नायूंमधले जलद आणि जाड तंतू कामाला लागतात. ते ग्लायकोजेन भराभरा जाळतात आणि लवकर थकतात. शिवाय स्नायू इतका आवळला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि प्राणवायू हवा तेव्हाच कमी पोचतो. जोर आणि वेग यांचं स्नायूतलं हे नातं आर्चिबाल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३८ साली समीकरणात बसवलं. पण त्याचं फळ लापीझने १९१० सालीच भोगलं.

दोन मीटरचा गिअर असता तर? त्याच वेगाला पॅडल मिनिटाला सदुसष्ट वेळा फिरलं असतं आणि सर्वाधिक जोर सत्तरऐवजी अठ्ठावीस किलो लागला असता. बसल्या बसल्या. खाली उतरून चालणं म्हणजे खरं तर शरीराने स्वतःच शोधलेला बारीक गिअर आहे. एका पावलात अर्धा-पाऊण मीटर पुढे जायचं, जोर वाटून घ्यायचा. ते चालले यात त्यांचा कमीपणा काहीच नव्हता. हाताशी असलेल्या यंत्रात त्यांनी केलेली ती सगळ्यात शहाणी निवड होती.

आयोजकांनी एक पळवाट ठेवली होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चकती लावायची मुभा होती. घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, नट सोडवायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेन ताणायची, पुन्हा नट आवळायचे. खिंडीत पोचलं की परत तेच. बोटं थंडीने बधिर झालेली असताना. आणि मिळणार काय, तर चढासाठी एक गिअर आणि उतारासाठी एक. चढ पाच टक्क्यांचा असो की दहाचा.

गिअर तेव्हा उपलब्धच नव्हते, असंही नाही. १९०२ साली, पहिल्या टूरच्या आदल्या वर्षी, फ्रान्सच्या पर्यटन क्लबने पिरेनीजमध्ये सायकलींची चाचणी घेतली होती, मार्गात हेच तूरमाले. मार्त एस नावाची महिला तीन गिअरची सायकल घेऊन उतरली आणि एकाच गिअरवर बसलेल्या एदुआर फिशर या नावाजलेल्या शर्यतपटूच्या पुढे निघून गेली. देग्रांजचं पंचेचाळिशीचं वाक्य या चाचणीच्याच वादातलं आहे. डोळ्यांसमोर पुरावा होता आणि त्याने तो नाकारला. सांतेतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ राहत होता, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचा. तो वर्षानुवर्षं बदलत्या गिअरच्या सायकली बनवून घेऊन, घाटात चालवून, लोकांना पटवत होता. १९०३ आणि १९०४ ची टूर ज्या खिंडीतून गेली, जिथे फोरेच्या लोकांनी दंगा केला, तीच व्हेलोसिओची रोजची चढण. शर्यत त्याच्या दारातून गेली, त्याचं म्हणणं मात्र तिने ऐकलं नाही. न्यायाने बोलायचं तर त्या वेळचे डेराल्योर कुरकुरे होते, चेन उतरायची, चिखलात अडकायचे. पण यंत्र कच्चं आहे म्हणून सुधारायचं असतं. बंदी घातली तर सुधारणार कोण?

डोंगर शर्यतीत आणण्याची कल्पना मुळात आल्फोन्स स्तेनेस या देग्रांजच्या सहकाऱ्याची. १९०५ ला बालों दाल्झासचा चढ घेतला, रने पोतिए तो सायकलवरून न उतरता चढला, आणि हुरूप वाढला. पिरेनीजची पाहणी करायला स्तेनेस स्वतः गेला. तूरमालेवर बर्फात मोटार अडकली. हा अंधारात चालत निघाला, वाट चुकला, मध्यरात्र उलटून गेल्यावर अर्धमेला होऊन पलीकडच्या गावात पोचला. आणि सकाळी देग्रांजला तार केली: तूरमाले पार केलं, रस्ता उत्तम, जायला काही अडचण नाही. १९११ मध्ये आल्प्समधली गालिबिए खिंड आली. बोगद्याची उंची २,५५६ मीटर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशांहून थोडा कमी असतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. एमिल जॉर्जे पहिला पोचला. पाय न टेकता गेलेल्या मोजक्या तिघांतला तो एक. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. डोंगरासाठी वेगळा मान देण्याची ही रीत टूरमध्ये १९३३ ला अधिकृत झाली, पण तिचं बी गारिगूच्या त्या १०० फ्रँकांत आहे.

मदतबंदीच्या नियमाने काय केलं ते १९१३ ला दिसलं. यूजेन क्रिस्तॉफ शर्यतीत पुढे होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, मोडला. पोलाद एका दणक्यात सहसा मोडत नाही. खडीवरचा प्रत्येक धक्का चिमट्याला किंचित वाकवतो आणि सोडतो. हजारो धक्क्यांनंतर जोडाजवळ केसाएवढी चीर पडते, ती प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी सरकते, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एके दिवशी उरलेला धातू भार पेलू शकत नाही. याला धातूचा थकवा म्हणतात. भरधाव उतारावर करकचून ब्रेक मारताना तो उघड होतो, कारण तेव्हा सगळं ओझं पुढच्या चाकावर येतं.

क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरहून जास्त चालत सेंत-मारी-द-कांपाँ गाठलं. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहाराने हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. आयोजकांचे लोक पहारा द्यायला उभे. दिवसभर पर्वत चढून आलेल्या क्रिस्तॉफने स्वतः पोलाद तापवलं, ठोकलं, जोडलं. दोन्ही हात कामात असताना भात्याला हात तिसरा कुठून आणणार? एका पोराने भाता ओढला. या कामात तीनेक तास गेले. एकंदर जवळपास चार तास बुडाले आणि शर्यत हातची गेली. वर भाता ओढू दिल्याबद्दल दहा मिनिटांचा दंड, जो नंतर तीन मिनिटांवर आणला. लोक हा प्रसंग जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मला तो वाचताना दर वेळी संताप येतो. चिमटा मोडला तो धातूमुळे आणि रस्त्यामुळे. शिक्षा माणसाला झाली. १९१९ ला, आघाडीवरच्या सायकलपटूला मिळणारी, टूरमधली पहिली पिवळी जर्सी अंगावर असताना, त्याचा चिमटा पुन्हा मोडला.

सगळ्यांना हे सोसणं पटत नव्हतं. १९२४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए एका जर्सीवरून झालेल्या भांडणात भाऊ फ्रान्सिससह कुतांस गावात शर्यत सोडून बसला. तिथल्या कॅफेत पत्रकार आल्बेर लोंद्रने त्यांना गाठलं. पेलिसिएंनी पिशव्या उघडून दाखवल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि गोळ्या. कोकेन चेतातंतूंमधून वेदनेचा संदेश पुढे जाऊ देत नाही आणि मेंदूला खोटी तरतरी देतं. त्या काळात स्ट्रिक्नीनही वापरलं जायचं. ते मज्जारज्जूतला लगाम सैल करून स्नायूंना चेतवतं आणि मात्रा थोडी चुकली तर जीव घेतं. यातलं काहीही शक्तीत एका वॅटची खरी भर घालत नाही. शरीर 'थांब' म्हणत असतं, ते ऐकू येऊ नये एवढीच सोय. ज्या वेदनेतला मोठा भाग एका बारीक गिअरने आणि मदतीच्या एका हाताने टळला असता, ती मारायला लोक विष घेत होते.

वेगाचे आकडेही हेच सांगतात. १९०३ ची सरासरी तासाला २५.७ किलोमीटर. १९१९ ची, युद्धाने उखडलेल्या रस्त्यांवर ५,५६० किलोमीटरची टूर, २४.१. शेवटी फक्त दहा जणांची नोंद झाली. १९२६ ला लांबी ५,७४५ किलोमीटरवर नेली, सगळ्या इतिहासात सर्वाधिक, आणि सरासरी पुन्हा २४.१. तेवीस वर्षांत रस्ते आणि टायर सुधारले, पोरं जास्त तयारीने येऊ लागली, तरी वेग वाढला नाही, कारण वाढलेली प्रत्येक ताकद लांबीत आणि नियमांत खर्च झाली. १९३० पासून राष्ट्रीय संघ आले, सहकाऱ्यांना मदतीची मुभा मिळाली, टप्पे आखूड होत गेले, आणि १९३६ पर्यंत सरासरी ३१ च्या वर पोचली.

त्याच वर्षी आजारपणामुळे देग्रांजने सूत्रं सोडली. ती आली जाक गोदेकडे, १९०२ साली तिजोरी उघडणाऱ्या व्हिक्टोर गोदेच्या मुलाकडे. १९३७ मध्ये डेराल्योर सर्वांना खुला झाला. रोजे लापेबी जिंकला, ताशी ३१.८ किलोमीटरच्या सरासरीने, आदल्या वर्षीपेक्षा जेमतेम पाऊण किलोमीटर जास्त. गिअर काही इंजिन नव्हे, तो नवी शक्ती देत नाही, असलेली शक्ती पायांना सोसेल अशा वेगाने खर्च करू देतो. त्यामुळे घड्याळात मोठा फरक पडणार नव्हताच, फरक गुडघ्यांना पडला. आणि गिअरने शर्यत बायकामुलांची सहल होईल ही जी भीती पस्तीस वर्षं घातली गेली, तिचं काय झालं? त्या वर्षी ९८ जण निघाले होते. पॅरिसला परत पोचले ४६.